पंचविसावा मॉप

सिस्टर माझ्या वर्गात आल्या तेव्हाच चिडलेल्या होत्या. हॉस्पिटलच्या कपडेखान्याशेजारी एक लांबट खोली होती. एका भिंतीशी धुतलेल्या चादरींचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले आणि उरलेल्या जागेत सात जुने कॉम्प्युटर. आठवड्यातून तीन दुपारी मी तिथे कर्मचाऱ्यांना प्रोग्रॅम लिहायला शिकवायचे. सिस्टर दारातूनच म्हणाल्या, "मला सत्तावन्नावं लागलंय. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आता हे शिकून मी काय दिवे लावणार?"

"मग का आलात?" मी विचारलं.

"गुडघ्याने दगा दिला. थिएटरमध्ये उभं राहवत नाही, म्हणून बसायचं काम दिलंय. जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरमध्ये भरायची. अधीक्षक म्हणाले, भरताच आहात तर दोन अक्षरं शिकूनही घ्या. घेते. मास्तरीणबाई, तू वयाने माझ्या लेकीएवढी आहेस, मी तुला अगं-तुगंच करणार."

मला ते लगेच आवडलं.

सव्वीस वर्षं त्या ऑपरेशन थिएटरमध्ये होत्या. ऑपरेशन चालू असताना आतलं रक्त टिपायला जाड घडीचं कापड वापरतात, त्याला तिथे मॉप म्हणतात. रक्ताने भिजला की तो मांसासारखाच दिसतो, आत राहिला तर डोळ्यांना कळत नाही. म्हणून पोट उघडल्यावर किती मॉप दिले आणि शिवण्याआधी किती परत आले, हे मोजायचं असतं. ते काम सिस्टरांचं. आकडा जुळल्याशिवाय त्या डॉक्टरांच्या हातात सुई देत नसत. एकदा एक मॉप कमी भरला तेव्हा त्यांनी मोठ्या डॉक्टरांना वीस मिनिटं तसंच उभं केलं होतं. शेवटी तो मॉप निघाला डॉक्टरांच्याच बुटाखाली. तेव्हापासून शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळे त्यांना 'पक्क्या सिस्टर' म्हणत. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तर अशा बाईला मी मोजायला शिकवणार होते.

तिसऱ्या आठवड्यात तो धडा आला. यादीतल्या वस्तू मोजणारं फंक्शन लिहायचं. कॉम्प्युटरला हे तयार येतं, पण नवशिक्याने ते एकदा स्वतःच्या हाताने करावं असा माझा हट्ट असतो. मी म्हटलं, "फंक्शन म्हणजे एक नेमून दिलेलं काम. त्याला नाव द्यायचं. हाक मारली की ते काम करतं आणि उत्तर आणून देतं. आपल्याला यादी द्यायची आहे आणि आकडा परत घ्यायचा आहे."

आणि फळ्यावर साध्या मराठीत लिहिलं:

मोज (यादी)
 संख्या शून्य धर
 यादीतल्या प्रत्येक वस्तूसाठी
  संख्येत एक मिळव
 सगळ्या संपल्या की संख्या परत दे

"एवढंच?" सिस्टर म्हणाल्या. "हे तर मी झोपेत करते."

त्यांनी पर्स उपडी केली आणि आत होतं त्याची यादी केली. चष्मा, किल्ली, रुमाल, गुडघ्याच्या गोळ्या, पेन, लेकीचा फोटो. सहा वस्तू. फंक्शन लिहिलं, चालवलं. उत्तर आलं, एक.

"हे यंत्र आंधळं आहे का?"

मी पाहिलं. शून्य धरायची ओळ त्यांनी आत, प्रत्येक वस्तूच्या फेरीत घातली होती. "सिस्टर, तुम्ही प्रत्येक वस्तूला नव्याने शून्य म्हणताय. मागचं सगळं पुसलं जातंय. शून्य एकदाच म्हणायचं, सुरुवातीला."

त्यांनी ओळ वर नेली. पुन्हा एक. या वेळी 'परत दे' ही ओळ आत शिरली होती, त्यामुळे पहिली वस्तू मोजून फंक्शन उत्तर घेऊन मोकळं झालं होतं. सिस्टर इतक्या हसल्या की वर्गाला आलेल्या नोंदणी खिडकीवरच्या मुली वळून बघायला लागल्या. "म्हणजे हे आमच्या वॉर्डबॉयसारखं. एक खाट आवरली की सांगतं, झालं!"

ओळ बाहेर आली आणि पडद्यावर सहा उमटला. मग त्यांनी रिकामी यादी दिली. शून्य. शंभर वेळा 'कापूस' लिहून दिला. शंभर. खोड्या काढत बसल्या होत्या पोरीसारख्या. जाताना म्हणाल्या, "हे गटात मोजत नाही, नाही का? एकेक करूनच मोजतं."

"त्याला दुसरं काही येतच नाही."

"बरंय. माणसाला कंटाळा येतो."

पुढच्या वर्गाला त्या स्वतःचा गृहपाठ घेऊन आल्या. मी दिलेला नव्हे, त्यांनीच ठरवलेला. जुन्या रजिस्टरची रीत अशी होती की डॉक्टरांच्या हातात एकेक मॉप जाईल तसं वरच्या ओळीत 'म' लिहायचं, आणि एकेक बाहेर येईल तसं खालच्या ओळीत 'म' लिहायचं. पाच झाले की थोडी जागा सोडायची. शेवटी 'मोजणी बरोबर' लिहून सही. सिस्टरांनी चारशे बारा ऑपरेशनं जशीच्या तशी भरली होती, प्रत्येकाच्या दोन याद्या. आता त्यांना प्रत्येक ऑपरेशनची वरची यादी आणि खालची यादी त्या फंक्शनकडून मोजून घ्यायची होती, आणि जिथे आकडा जुळणार नाही ते ऑपरेशन दाखवायचं होतं.

"एकही दाखवणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त तुझ्या यंत्राची परीक्षा घेतेय."

मी मदत केली. दहा-बारा ओळी झाल्या. त्यांनी बोटाने बटण दाबलं, खुर्चीत मागे रेलल्या आणि पदराने चष्मा पुसायला लागल्या.

पडद्यावर तीन क्रमांक आले.

सिस्टरांनी चष्मा डोळ्यावर चढवला. पुसायचा राहिलेला एक डाग काचेवर तसाच होता. "तुझं काहीतरी चुकलंय," त्या म्हणाल्या.

"असेलही," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं. नवशिक्याचा प्रोग्रॅम चुकणं यात नवल ते काय. "रजिस्टर आणा, ताडून बघू."

पहिल्या क्रमांकाचं पान काढलं. भरताना दोन 'म'मधला स्वल्पविराम राहिला होता, दोन चिकटून एक झाले होते, म्हणून एक कमी मोजला गेला. फंक्शन बरोबर, टायपिंग चूक. सिस्टरांनी सुस्कारा सोडला. दुसऱ्याचं पान काढलं. तिथे खालची एक अख्खी ओळच भरायची राहून गेली होती. "डुलकी लागली असणार मला," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारली.

तिसऱ्याचं पान काढलं. अकरा वर्षांपूर्वीचं. एका बाईचं पित्ताशयाचं ऑपरेशन. वरच्या ओळीत पाच-पाचाचे पाच गट होते, शेवटचा गट घाईत, वाकड्या अक्षरात लिहिलेला. खालच्या ओळीत पाच गट. सिस्टरांनी भरलेली यादी मी बघितली, पान बघितलं. काही चिकटलेलं नव्हतं, काही राहिलेलं नव्हतं. टायपिंग अगदी बरोबर होतं.

"पंचवीस," सिस्टर वरच्या ओळीवर बोट फिरवत म्हणाल्या. "आणि पाच, दहा, पंधरा, वीस, पंच..."

बोट शेवटच्या गटावर थांबलं. अक्षरं पसरट होती, लांब-लांब. पाचांची जागा भरून बसली होती. पण ती चार होती.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं, "तू मोज." मी मोजलं. नोंदणी खिडकीवरच्या एका मुलीला बोलावून काहीही न सांगता मोजायला लावलं. ती म्हणाली, "चोवीस. का हो?"

खाली सिस्टरांच्या गोल, सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'मोजणी बरोबर.' त्याखाली सही.

मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला भीती वाटली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. राग नाही, रडू नाही. दार उघडून आत यावं आणि घरातलं सगळं सामान कुणीतरी नेलेलं दिसावं, तसा तो चेहरा. त्या म्हणाल्या, "मी गट मोजले. अगं, मी गट मोजले. गटातले मॉप नाही मोजले."

"लिहायचं राहून गेलं असेल," मी म्हटलं. "मॉप बाहेर आला असेल, फक्त 'म' लिहिला नसेल."

"असेल."

"मग?"

"मग नसेल तर?"

त्या उठायला गेल्या आणि उठता आलं नाही. गुडघ्यामुळे नव्हे. मी पाणी आणलं. ग्लास त्यांनी हातात धरला आणि प्यायचा तसाच राहिला. म्हणाल्या, "त्या दिवशी मध्येच रक्त फार आलं होतं. आत्ता आठवतंय बघ. मी पाचाचं पाकीट फाडून फाडून देत होते आणि मोठे डॉक्टर ओरडत होते, लवकर, लवकर. सगळं नीट झालं. बाई वाचली. त्या दिवशी आम्ही सगळे इतके खूश होतो."

ते ऑपरेशन मोठ्या डॉक्टरांनीच केलं होतं. सिस्टर त्यांच्याकडे गेल्या; तिथे काय झालं ते मला सिस्टरांनीच दुसऱ्या दिवशी सांगितलं. डॉक्टर आता आठवड्यातून दोनच दिवस येत. त्यांनी पान पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "सिस्टर, अकरा वर्षं झाली. त्रास असता तर ती बाई आली नसती का? लिहायचं राहिलंय. बंद करा ते."

"बुटाखाली मिळाला होता तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, बंद करा ते. मी केलं नव्हतं."

"तेव्हा पोट उघडं होतं, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. आणि म्हटल्या म्हटल्या चष्मा परत चढवून पान पुन्हा बघायला लागले.

घरी सिस्टर, त्यांचे यजमान आणि ऐंशीच्या घरातल्या सासूबाई. यजमानांनी आधी समजूत काढली, मग निवृत्तीची आठवण करून दिली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ऐकू कमी येतं म्हणून सगळं दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्या सुनेवर कडाडल्या, "एक बाई अकरा वर्षं आपला कपडा पोटात घेऊन फिरतेय, आणि तू इथे बसून मला विचारतेस काय करू म्हणून?"

सकाळी सिस्टरांनी अर्ज लिहून अधीक्षकांच्या टेबलावर ठेवला. झालं ते सगळं, स्वतःच्या नावानिशी. अधीक्षकांनी तो वाचला आणि म्हणे त्यांच्या हातातला पेन खाली पडला तो त्यांनी उचललाच नाही. मग कागदपत्रांच्या खोलीतून त्या बाईचा पत्ता निघाला. अधीक्षक म्हणाले, फोन करतो. सिस्टर म्हणाल्या, "फोनवर कसं सांगणार? मी जाते." आणि मला म्हणाल्या, "तू चल. तुझं यंत्र आहे, तू साक्षीदार."

बाई पत्त्यावर नव्हती. कामावर होती. पुढच्या चौकात, बेकरीत. पुढे काचेच्या कपाटामागे एक धिप्पाड बाई बसली होती, ती तिची मोठी जाऊ निघाली. आत भट्टीची धग लागत होती. लोखंडी रॅकवर पावांचे ट्रे खालपासून वरपर्यंत लावलेले, जमिनीवर मैद्याचा पातळ थर आणि त्यात चपलांचे ठसे. आमची बाई कणीक मळायच्या यंत्राशी उभी होती. चाळिशीतली, वाळकी. एका हाताने यंत्रात पाणी सोडत होती. दुसरा हात उजव्या बरगडीखाली, पोटावर दाबलेला.

सिस्टरांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की नंतर तिथे वळ उठला.

"तिचा हात बघ," त्या पुटपुटल्या.

बेकरीवाली बाई वळली. "ऑर्डर पुढे द्यायची हो, जाऊबाईंकडे."

"आम्ही हॉस्पिटलमधून आलोय," सिस्टर म्हणाल्या. "तुमचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं तिथे. मी होते तेव्हा. तुम्हाला... तिथे दुखतं का?"

बाईने हात झटकन काढला. चोरी पकडल्यासारखा. आणि दाराकडे एक नजर टाकली. "नाही नाही. ते आपलं असंच. सवय आहे."

जाऊबाई दारात येऊन उभ्याच होत्या. "हिला काय, रोज काहीतरी होतच असतं. सगळे डॉक्टर झाले. गॅस म्हणाले, टाके ओढतात म्हणाले. एकाने तर मनाच्या डॉक्टरकडे न्यायला सांगितलं. नेऊनही झालं. काम समोर आलं की हिचं पोट आलंच."

बाईने यंत्रात आणखी पाणी सोडलं. ऐकून ऐकून गुळगुळीत झालेलं होतं ते.

"कधीपासून दुखतं?" सिस्टरांनी विचारलं.

"ऑपरेशननंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालं. आधी थोडं. मग... तुम्ही का विचारताय?"

सिस्टरांनी सांगितलं. आडवळणं घेतली नाहीत, मोठे शब्द वापरले नाहीत. पंचवीस मॉप दिले होते. कागदावर चोवीस परत आलेत. पंचविसावा कदाचित तुमच्या पोटात असेल, कदाचित नसेल. तपासावं लागेल. मोजणी माझी होती.

यंत्र फिरतच होतं. आतला मैदा एका बाजूला गोळा होऊन थपथप आपटत होता. बेकरीवाली बाई सिस्टरांकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं ओरडेल, अंगावर धावून येईल. तिने हात लांबवून यंत्राचं बटण बंद केलं आणि शांतपणे विचारलं, "केवढा असतो तो?"

सिस्टरांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. वीतभर लांब, वीतभर रुंद.

बाई मैद्याच्या पोत्यावर खाली बसली. "केवढा..." असं म्हणाली. जाऊबाईंच्या तोंडाचा आ झाला होता तो तसाच राहिला. काउंटरवर कुणीतरी "अहो पाव!" म्हणून हाका मारत होतं, पण कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.

दोन दिवसांनी तिचा स्कॅन झाला. त्या हॉस्पिटलच्या तेव्हाच्या मॉपमध्ये एक्सरेवर दिसणारा धागा नसायचा, म्हणून आधीच्या तपासण्यांत तो कुणाला ओळखू आला नव्हता. जुना व्रण, गॅस, असंच काहीबाही लिहून गेले होते. या वेळी काय शोधायचं ते माहीत होतं. यकृताच्या खाली, आतड्याला लगटून, मुठीएवढा गोळा. आत वळ्या-वळ्या. घडी घातलेल्या कापडाच्या वळ्या.

मोठे डॉक्टर तो फोटो उजेडासमोर धरून उभे राहिले. मी आणि सिस्टर दारात होतो. त्यांनी फोटो खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग मागे न बघता म्हणाले, "शिवताना मी विचारलं होतं. मोजणी बरोबर? तुम्ही म्हणालात बरोबर. आणि मी एकदाही आत हात घालून बघितलं नाही. तुम्ही म्हणालात ना." त्यांनी फोटो पाकिटात घातला. डॉक्टर म्हणाले, "तिला सांगायला मी जातो." आणि गेले. आत काय बोलणं झालं ते कुणाला कळलं नाही. बाहेर आले तेव्हा एकदम म्हातारे दिसत होते.

ऑपरेशन त्यांनी केलं नाही. दुसऱ्या सर्जनने केलं. सिस्टरही आत गेल्या नाहीत, बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. मी शेजारी. आपल्याच थिएटरच्या दाराबाहेर बसायची त्यांची ती पहिलीच वेळ असावी. आतून नेहमीच्या नर्सेस येत-जात होत्या, पण त्यांच्याकडे बघायचं सगळ्याजणी टाळत होत्या. अडीच तासांनी दार उघडलं. मॉप निघाला होता. आतडं चिकटलं होतं, त्याचा वीतभर तुकडा काढावा लागला. पण बाई सुखरूप होती.

सिस्टरांनी विचारलं, "मोजणी कुणी केली?"

"दोघींनी. वेगवेगळी," तरुण नर्स म्हणाली. "एकेक करून."

मग चौकशी बसली. तिची गोष्ट लांबड लावण्यासारखी नाही. जुन्या सगळ्या रजिस्टरांच्या याद्या भरून मोजायचं ठरलं. तिघीजणी महिनाभर भरत होत्या. दोन हजारांच्या आसपास ऑपरेशनं झाली. जिथे जिथे फंक्शनने बोट दाखवलं तिथे पान काढलं, आणि प्रत्येक वेळी चूक टायपिंगची निघाली. पुन्हा तसं पान सापडलं नाही. सिस्टरांना लेखी ताकीद मिळाली आणि थिएटरमध्ये पाऊल न टाकण्याचा हुकूम. 'पक्क्या सिस्टर' म्हणणारे आता नुसतं 'सिस्टर' म्हणायला लागले. काहीजणी पाठीमागे बोलायच्या. सव्वीस वर्षं तोऱ्यात मिरवली, जिरली म्हणायच्या. तर काही म्हणायच्या, वेडीच आहे, झाकलेली मूठ उघडायची कशाला? सिस्टरांनी दोन्ही ऐकलं. मला म्हणाल्या, "मला त्यांचं काही वाटत नाही. मला फक्त एवढंच कळत नाही, की त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले कशी. पोटभर जेवले असणार."

हे सगळं होण्याआधी, ऑपरेशननंतर नवव्या दिवशी, बेकरीवाल्या बाईने निरोप पाठवला. सिस्टरांना भेटायचंय, आणि ते पान घेऊन या. अधीक्षकांनी आधी नको म्हटलं. मग स्वतःच रजिस्टर काढून दिलं.

वॉर्डात खिडकीजवळची खाट होती. बाई उशीला टेकून बसली होती. शेजारच्या स्टुलावर तिची जाऊ, डबा मांडीवर घेऊन. सिस्टर उभ्याच राहिल्या. बाईने रजिस्टर मांडीवर घेतलं, वरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि मोजायला लागली. तोंडाने, मोठ्याने. एक. दोन. तीन. पंचवीसपर्यंत. मग खालची ओळ. शेजारच्या खाटांवरच्या बायका गप्प होऊन ऐकत होत्या. "बावीस. तेवीस. चोवीस." बोट कागदाच्या कोऱ्या जागेत गेलं आणि तिथेच राहिलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"अक्षर छान आहे."

सिस्टरांनी मान खाली घातली. "मी माफी मागायला..."

"नको," बाई म्हणाली. "माफीचं मी काय करू? अकरा वर्षं मी उकडलेलं आणि पातळ खाल्लं. थोरल्या लेकीच्या लग्नात मी खोलीत पडून होते, लोक म्हणाले नाटक आहे. आणि पुढे पुढे ना, मलाच वाटायला लागलं होतं. खरंच नाटक असेल माझं. आपल्यालाच कळत नसेल. वेड्यांना कुठे कळतं?" ती थांबली. टाक्यांवर हात ठेवून तिने श्वास घेतला. "मी वेडी नव्हते ना?"

"नाही."

"खोटं बोलत नव्हते?"

"नाही हो. कधीच नाही."

"मग हे लिहून द्या."

सिस्टरांनी वर पाहिलं.

"लिहून द्या. कागदावर. त्याच अक्षरात."

माझ्याकडे वही होती. मी तिचं एक पान फाडून दिलं. सिस्टरांनी खाटेच्या कडेला बसून, रजिस्टर खाली घेऊन लिहिलं. या बाईंना ऑपरेशननंतर अकरा वर्षं पोटात दुखत होतं. त्याचं कारण बहुतेक त्या ऑपरेशनच्या वेळी आत राहिलेला मॉप हे असावं. चूक हॉस्पिटलची आणि माझी आहे. खाली सही, तारीख.

बाईने कागद घेतला. सावकाश, ओठ हलवत वाचला. पुन्हा वाचला. मग परत केला.

"'बहुतेक' काढा," ती म्हणाली. "आणि 'असावं' पण काढा."

सिस्टर कागदाकडे बघत राहिल्या. सव्वीस वर्षांची हॉस्पिटलची सवय, तिथे कुणी कधी छातीठोक लिहीत नाही. त्यांनी ते दोन शब्द खोडले नाहीत. माझ्याकडून दुसरं पान मागून घेतलं आणि सगळं नव्याने लिहिलं. दुखत होतं. खरं होतं. कारण हे होतं.

बाईने तो कागद हातात धरला आणि जाऊबाईंसमोर केला. जाऊबाईंनी डबा खाली ठेवला, हात साडीला पुसले. वाचता वाचता त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला. कागदाची घडी घालून परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटायचं..." आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडून चमचा शोधायला सुरुवात केली. चमचा डब्यातच होता, तरी सापडत नव्हता.

सिस्टर वेळेवर निवृत्त झाल्या. मोठा समारंभ झाला नाही, कुणी केलाही नसता. त्या दोघींची मैत्री वगैरे झाली नाही. बेकरीवाली बाई परत कामावर गेली, आता ट्रे उचलायचे नाहीत, नुसतं पुढे बसायचं. गेल्या महिन्यात मी तिथे पाव घ्यायला गेले. काउंटरवर तीच होती. तिने मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. पाव बांधून देताना मात्र म्हणाली, "तुमच्या सिस्टरांना सांगा, तो कागद मी मनाच्या डॉक्टरला नेऊन दाखवला. त्यांनी माझ्या फायलीत लावून घेतलाय."

मी सिस्टरांना तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मूळ कागद तिच्याकडेच आहे ना? की त्यांनी ठेवून घेतला?"